हरवलेले तेवीस अंश

फोन लागला की लोक ‘हॅलो’ म्हणतात. मॅडम ‘किती?’ म्हणायच्या. अजूनही म्हणतात. पहिल्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, मोजायचं काहीतरी राहिलंय, आता आपलं काही खरं नाही. मी घाईघाईने सांगून टाकलं की पेट्या अठरा झाल्या, दोन बाकी आहेत. पलीकडून शांत आवाज आला, “पेट्या नाही गं. तिथं ऊन किती आहे?”

मी शेडच्या दारात जाऊन उन्हाकडे बघितलं. ऊन किती आहे ते कसं सांगतात, मला माहीत नव्हतं. खूप आहे, म्हणाले.

“खूप हा आकडा नाही,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना लहानच. शेतातल्या सौर पंपाला एक पेटी लागते. पॅनलवरून आलेली वीज मोटारीला चालेल अशी करून देणं हे तिचं काम. ती आम्ही बनवतो. पेटीच्या पोटात तळहाताएवढं एक काळं मॉड्यूल असतं, सगळी वीज त्याच्यातून जाते आणि ते तापतं. ही उष्णता बाहेर जावी म्हणून ते एका जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटवर बसवतात, आणि प्लेटच्या मागे कंगव्यासारखे दात असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. उष्णता त्या दातांतून वाऱ्यावर जाते. नाही गेली, तर मॉड्यूल पंच्याऐंशी अंशांच्या आसपास स्वतःच बंद पडतं आणि पंप थांबतो.

पेटी बनवायच्या आधी ती कुठे किती तापेल हे संगणकावर बघायचं काम मॅडमकडे होतं. आठवड्यातून तीन दिवस त्या यायच्या. आधी पॉलिटेक्निकला शिकवायच्या. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे. सगळे त्यांच्या कामाला सिम्युलेशन म्हणत. मी मनातल्या मनात ‘मॅडमचा रंगीत सिनेमा’ म्हणायची, कारण शेवटी पडद्यावर निळी-हिरवी-लाल पेटी दिसायची. आणि पाठीमागे पोरं त्यांना तापमावशी म्हणायची. हे त्यांना माहीत होतं. एकदा त्यांनी स्वतःच डब्यावर तसं नाव घालून आणलं.

त्या डब्याचीही गंमत होती. डबा एका दिवशी टॉवेलात गुंडाळलेला असायचा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात, तिसऱ्या दिवशी नुसता. जेवायला बसलं की आधी भाकरीच्या घडीत थर्मामीटरची तार खुपसायची, आकडा वहीत लिहायचा, मग पहिला घास. “टॉवेल ऊब देत नाही,” त्या सांगायच्या. “टॉवेलात अडकलेली हवा देते. हवेला अडकवलं की ती उष्णतेला पुढे जाऊ देत नाही.” आम्ही हो म्हणायचो आणि लोणचं मागायचो.

वस्तू दिसली की त्यांना हात लावल्याशिवाय राहवत नसे. आधी हाताची मागची बाजू, मग तळवा, मग मोजणी. पाच म्हणेपर्यंत हात ठेवता आला तर पन्नास-पंचावन्न. ‘एक’ म्हणतानाच काढावा लागला तर साठाच्या वर. “आणि ठेवताच आला नाही, तर मला बोलवा.” एकदा स्टोअरमधल्या माणसाला ताप आला. त्याच्या कपाळाला हात लावून त्यांनी शंभर पॉइंट चार सांगितलं. थर्मामीटर शंभर पॉइंट दोन म्हणाला. त्या दिवसभर थर्मामीटरवर नाराज होत्या.

मी गोंदियाकडची. नवेगावच्या जंगलापलीकडे आमचं गाव. आठवीपर्यंत शाळा गावात होती. नववीची बारा किलोमीटरवर, आणि तेवढी वाट मला एकटीला कुणी चालू दिली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी वायर जोडणीचं सहा महिन्यांचं शिक्षण मिळालं, आणि तिथून आम्हा सहाजणींना नगरला पाठवलं. पाचजणी दिवाळीला घरी गेल्या त्या परतल्या नाहीत. मी परतले. शूर होते म्हणून नव्हे. घरी जाऊन काय सांगायचं ह्याची भीती इथल्या भीतीपेक्षा मोठी होती, एवढंच.

इथं सगळे माझ्या बोलण्याला हसायचे. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘जी’ लावायची. आमचे सुपरवायझर राहुरीकडचे, वयाने थोराड, कामात पक्के आणि तोंडाने फटकळ. त्यांनी माझं नावच गोंदिया ठेवलं. “ए गोंदिया, पाना दे.” मला फार वाईट वाटत नसे. जिल्ह्याचं नाव तरी रोज कानावर पडायचं.

मॅडमनी मात्र पहिल्या दिवसापासून माझं खरं नाव घेतलं, आणि तेही फळ्यावर लिहून.

फळ्याचा नियम सांगायला हवा, कारण मॅडम म्हणजे तो नियमच. संगणकावर गणित सुरू करायच्या आधी, निघणाऱ्या तापमानाचा अंदाज सगळ्यांनी फळ्यावर लिहायचा. सगळ्यांनी म्हणजे कारखान्याचे मालक असलेल्या साहेबांनी, सुपरवायझरनी, स्टोअरवाल्याने, गेटवरच्या काकांनी, चहा घेऊन येणाऱ्या बाईंनीसुद्धा. आकडा लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. स्वतःचा आकडा त्या शेवटी लिहायच्या. ज्याचा सगळ्यांत जवळ येईल त्याला काकवीची बाटली. देवळाली प्रवरेला त्यांच्या भावाचा ऊस होता, घरचीच काकवी. चहावाल्या बाई तीनदा जिंकल्या. साहेब एकदाही नाही.

“आधी आकडा लिहिला नाही ना,” त्या म्हणायच्या, “तर हा संगणक जे सांगेल ते खरंच वाटतं. हा कारकून आहे. अर्जात लिहिलंय तेवढंच वाचतो. अर्जात खोटं लिहिलं तर शिक्का मारून खोटंच परत देतो.”

माझी ओळ दरवेळी रिकामी राहायची. मला नाही समजत जी, असं मी म्हणायची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “समजत नाही म्हणूनच त्याला अंदाज म्हणतात. समजल्यावर उत्तर म्हणतात.” पण आग्रह नाही. माझं नाव लिहायच्या, पुढे जागा मोकळी ठेवायच्या आणि बटण दाबायच्या. एवढ्या लोकांसमोर चुकीचा आकडा लिहिला तर माझी अक्कल सगळ्यांना दिसेल, असं मला वाटायचं. जणू काही तोवर ती झाकलेलीच होती.

साहेबांना रंगीत चित्रं फार आवडत. गिऱ्हाईक आलं की ते मॅडमना म्हणत, जरा ते लालबिल दाखवा. मॅडम म्हणत, “रंग बघायचे तर रंगपंचमीला या. इथं बाजूची पट्टी वाचा, कुठला रंग म्हणजे किती अंश ते.” साहेब काही ऐकेनात, तेव्हा एकदा मॅडमनी पट्टीच बदलली. पेटी होती चाळीस अंशांची, गारच म्हणायची, पण चित्रात इथून तिथून लालभडक. साहेब एवढे घाबरले की ऑर्डर थांबवायला निघाले. मग मॅडमनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि पट्टी वाचायला लावली, बाराखडी वाचतात तशी, मोठ्याने.

आणि शिंगणापूर. पेटीला वरून जाळी ठेवली की हवा खेळते, असं सुपरवायझरांचं ठाम मत होतं. मॅडमनी विचारलं, शिंगणापूरला गेलात कधी? तिथल्या घरांना दारं नाहीत, म्हणून आत गार वारा सुटतो का? नाही. वारा आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. त्या दिवसापासून पेटीला खालीही जाळी आली. पाली शिरतील म्हणून सुपरवायझर आठवडाभर कुरकुरत होते.

मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीत जाऊन बसायची. बाहेरच्यापेक्षा तिथं गार असायचं, हे एक कारण. त्या मला दाखवायच्या. हा भाग ॲल्युमिनियमचा, असं ह्याला सांगायचं. इथं उष्णता तयार होते, एवढी. इथून वारा ती नेतो. मग हा पेटीचे बारीक बारीक तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती उष्णता देतो त्याचा हिशोब मांडत बसतो. एवढंच. “ह्यात इंग्रजी आहे, पण अवघड काही नाही,” त्या म्हणायच्या. मला अवघड काही नाही हे पटायचं नाही, पण इंग्रजीही हळूहळू ओळखीचं झालं. कुठल्या बटणानंतर कुठलं, हे माझ्या बोटांना आधी कळलं आणि डोक्याला नंतर.

मग वैशाख आला.

आमच्या नव्या पेट्यांचा पहिला माल, चाळीस नग, जामखेडकडे बसला होता. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. सकाळी पंप नीट चालतो, दुपारी बाराच्या सुमाराला बंद पडतो, ऊन उतरल्यावर पुन्हा सुरू होतो. सौर पंप आणि ऐन उन्हात बंद. ज्या कंपनीने पेट्या घेतल्या होत्या तिने कळवलं, आठ दिवसांत कारण सांगा, नाहीतर सगळा माल परत आणि पुढची ऑर्डर रद्द. ती ऑर्डर गेली असती तर निम्मी शेड रिकामी झाली असती, आणि पहिला नंबर कंत्राटावरच्यांचा. म्हणजे माझा. त्या चाळीसही पेट्यांमध्ये मॉड्यूल मीच बसवलं होतं. सुपरवायझर साहेबांना म्हणाले तेव्हा मी शेजारीच होते. “डिझाइन चांगलं हाय साहेब. हात नवा हाय.”

मॅडमनी एक पेटी मागवली, बंद खोलीत ठेवली, उन्हाऐवजी हॅलोजनचे दिवे लावले आणि मॉड्यूलला तार चिकटवली. चौऱ्याऐंशी. मग संगणकावर तेच ऊन, तीच पेटी. एकसष्ट.

साहेब खुर्चीत बसले. मॅडम मात्र एवढ्या खूश की त्यांनी चहा मागवला. “तेवीस अंश हरवलेत,” त्या म्हणाल्या. “शोधू या.”

पुढचे तीन दिवस त्या शेडभर फिरत होत्या. भेटेल त्याला विचारायच्या, माझे तेवीस अंश पाहिले का? गेटवरच्या काकांनी खरोखर खिसे चाचपले. पेटीचा रंग मोजला, एक अंश सापडला. जाळीवरची धूळ, अजून दोन. वीस काही सापडेनात. साहेब म्हणाले, तुमचा प्रोग्रॅमच चुकत असेल. कंपनीचा माणूस शुक्रवारी येणार होता. त्याला सांगू, आमच्या मॅडमचं गणित चुकलं, दुसरा इंजिनियर बघतो. सगळ्यांसमोर म्हणाले. मॅडमनी फक्त टेबलाला हात लावला, मागच्या बाजूने, आणि मोजलं.

गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. ड्रॉइंगवर त्यांचा विश्वास नव्हता. “ड्रॉइंग म्हणजे लग्नाची पत्रिका,” त्या म्हणायच्या. “लग्नात काय घडलं ते आचाऱ्याला विचारावं.” त्या दिवशी आचारी मी होते. मला म्हणाल्या, पेटी कशी जोडतेस ते सांग, काहीही गाळू नकोस, आणि हाताने करून दाखव. मी हवेतल्या हवेत करू लागले. प्लेट घेते, पुसते, उलटी ठेवते. पेस्ट लावते, पांढरी, उष्णता पुढे नेणारी. मॉड्यूल ठेवते. चार स्क्रू, आधी तिरके समोरासमोरचे. त्या लिहीत होत्या. सगळं ड्रॉइंगप्रमाणेच होतं.

तेवढ्यात चहा आला. स्टीलच्या पेल्यात, उकळता. मी ओढणीचं टोक दुमडून पेला धरला.

आणि तशीच धरून राहिले.

ओढणी केवढीशी जाड. पण पेला हाताला लागत नव्हता.

पूर्वी प्लेटा उघड्या यायच्या. ह्या खेपेला दुसऱ्याकडून घेतल्या, त्यांच्यावर काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं. प्लेटांच्या खोक्यावर सुपरवायझरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ओरखडा येता कामा नये. मी ते प्लास्टिक काढलं नाही. उलट स्क्रूच्या भोकांवरचं ब्लेडने गोल गोल कापलं, इतकं सुबक की कुणाला दिसूही नये. त्याच्यावर पेस्ट लावली. त्याच्यावर मॉड्यूल बसवलं.

का काढलं नाही, असं आता कुणी विचारलं तर हसू येईल. पण आमच्याकडे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कुणी काढत नाही. मामांच्या फ्रिजवर ते पाच वर्षं होतं, कडा काळ्या झाल्या तरी होतं. आणि काढायचंच झालं, तर ज्याने वस्तू घेतली त्याने काढायचं. तो त्याचा मान. दुसऱ्याच्या नव्या वस्तूवरचं प्लास्टिक आपण काढायचं म्हणजे दुसऱ्याच्या पेढ्यांचा खोका फोडण्यासारखं. मी पेटी शेतकऱ्याची म्हणून जपली होती. जपून जपून तिचा जीव कोंडला होता.

गप्प राहता आलं असतं. उद्यापासून प्लास्टिक काढून पेट्या जोडल्या असत्या, कुणाला कळलं नसतं. पण जामखेडच्या चाळीस पेट्या दुपारी तशाच बंद पडत राहिल्या असत्या. आणि कंपनीच्या माणसाला सांगितलं गेलं असतं की मॅडमचं गणित चुकलं. ज्या बाईने माझ्यासाठी दरवेळी एक ओळ मोकळी ठेवली, तिचं गणित.

मी पेला खाली ठेवला. म्हणाले, “मॅडम, मधात प्लास्टिक आहे जी.”

त्यांना आधी कळलं नाही, आमच्याकडे ‘मध्ये’ला ‘मधात’ म्हणतात. मी पुन्हा सांगितलं, सगळं, गोल कापल्यासकट. तोवर सुपरवायझर दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांच्यामागे साहेब. मला वाटलं, संपलं. आज गुरुवार, शनिवारच्या गाडीने गोंदिया.

सुपरवायझरच पहिले हसले. “घ्या. म्हनजे गोंदियानं पेटीला रेनकोट घातला.”

मग सगळेच हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या उठल्या, साहेबांकडे गेल्या आणि त्यांच्या खिशातून त्यांचा मोबाईल काढून घेतला. पडद्यावरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं, कोपरा उचललेला. मग सुपरवायझरांना विचारलं, गाडी घेऊन किती दिवस झाले? दीड वर्ष, ते म्हणाले. “सीटवरचं प्लास्टिक?” “हाय की,” सुपरवायझर म्हणाले. मॅडमनी स्वतःचा कॅल्क्युलेटर उचलून सगळ्यांना दाखवला. त्याच्या काचेवरही होतं. पॉलिटेक्निकला असताना घेतलेला कॅल्क्युलेटर.

“हिनं तेच केलं जे आपण सगळे करतो,” त्या म्हणाल्या. “फरक एवढाच की हिनं सांगितलं. आता काम करू द्या.”

त्यांनी माझ्याकडून प्लास्टिकचा तुकडा मागून घेतला, मायक्रोमीटरने जाडी मोजली. संगणकात मॉड्यूल आणि प्लेटच्या मध्ये तेवढाच पातळ थर घातला. आधी तिथं काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि काही सांगितलं नाही की हा कारकून समजतो, दोन भाग एकजीव झालेत. मग त्या फळ्याकडे गेल्या. सगळ्यांनी आकडे लिहिले. माझ्या नावापुढे नेहमीसारखी जागा होती. त्यांनी खडू माझ्याकडे धरला.

मी आठवून बघितलं, ओढणीच्या पेल्याकडच्या बाजूला किती गरम होतं आणि हाताकडच्या बाजूला किती. धूळ आणि रंगाचे तीन अंश धरले. ब्याऐंशी लिहिलं. आकडा वाकडा आला.

बटण दाबलं. तुकडे मोजत मोजत तो कारकून बराच वेळ बसला. शेवटी पडद्यावर खिडकी उघडली. त्र्याऐंशी. खोलीतली खरी पेटी चौऱ्याऐंशी. मॅडमनी एकोणऐंशी लिहिलं होतं.

त्यांनी स्वतःचा आकडा पुसला, माझ्या आकड्याभोवती गोल काढला आणि टाळी वाजवली. एकदाच, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. साहेबांनी विचारलं, मग आता प्लास्टिक काढलं तर? मॅडम म्हणाल्या, तिला विचारा. मी चौसष्ट म्हणाले. सुपरवायझरांनी तिथल्या तिथं पेटी उघडली, प्लास्टिक सोललं, नवी पेस्ट लावून मॉड्यूल बसवलं आणि दिव्यांखाली ठेवलं. तार लावून आम्ही सगळे भोवती उभे, पूजेला उभे असल्यासारखे. पेटी चढत गेली. पन्नास. साठ. बासष्ट. त्रेसष्ट. मग अर्धा तास झाला, तासही झाला, पण ती त्रेसष्टवरून हलली नाही.

शुक्रवारी कंपनीच्या माणसाला मॅडमनी दोन्ही चित्रं दाखवली, पट्टी वाचायला लावून. चूक कुणाची, असं त्याने विचारलं. “आमच्या जोडणीच्या कागदाची,” मॅडम म्हणाल्या. “कागदात प्लास्टिक काढा असं लिहिलेलं नव्हतं. आता आहे.” तो कागद मी लिहिला होता, मराठीत, माझ्या अक्षरात. पहिली ओळ: प्लास्टिक काढा. ते आपलं काम आहे.

चाळीस पेट्या जागेवर जाऊन उघडायच्या होत्या. टेम्पोतून सुपरवायझर आणि मी गेलो. जामखेड जवळ आल्यावर ते म्हणाले, “गाडीच्या सीटचं काढलं काल. बायको लई भांडली.”

पहिलं शेत एका आजींचं होतं. लिंबाची बाग, पानं माना टाकलेली. आजी आम्हाला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, “आला का बाबा. बारा वाजलं की रुसतंय बघा. माझ्या धन्यावानीच हाय, ऐन कामाला निजतंय.” धनी बाजूच्या बाजेवर बसलेले होते. ते नुसतेच हसले.

मी पेटी उघडली. मॉड्यूल सोडवलं, पेस्ट पुसली. प्लास्टिकचा कोपरा नखाने उचलला आणि मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी थांबले. “आजी, इकडे या. हे तुम्ही काढा.”

“म्या कशाला?”

“पेटी तुमची आहे. नव्या वस्तूचं प्लास्टिक मालकिणीनं काढायचं असतं.”

त्या उठल्या. लुगड्याला हात पुसले. कोपरा चिमटीत धरला आणि सावकाश ओढला, एका दमात, पार शेवटपर्यंत. निघताना चर्र आवाज झाला. आजींनी ते प्लास्टिक उन्हात धरून आरपार बघितलं. “एवढ्याशानं व्हय?” त्या म्हणाल्या.

मी मॉड्यूल बसवलं, पेटी बंद केली, बटण दाबलं. साडेअकरा वाजले होते. बारा वाजेपर्यंत पंप चालला. बारा वाजले तरी चालला. आजींनी पेटीला हात लावला आणि आपोआपच माझ्या तोंडून मोजणी निघाली. एक, दोन, तीन. पाच म्हणून झाले तरी हात तिथंच होता. एक वाजता पाणी बागेच्या शेवटच्या ओळीला पोचलं. सुपरवायझर पाटात पाय सोडून बसले आणि मला म्हणाले, “या गोंदियावाल्या मॅडम, बसा.” चेष्टा होती. पण ‘या’ म्हणाले होते, आणि ‘बसा’ म्हणाले होते. मी बसले.

मॅडमना तिथून फोन केला. “किती?” त्या म्हणाल्या. मी सांगितलं, सावलीत एकेचाळीस, मॉड्यूल सहासष्ट, पंप चालू. मग म्हणाल्या, “काकवी टेबलावर ठेवली आहे. बूच उघड बाई, नाहीतर तीही जपून ठेवशील.”

आता मॅडम देवळालीलाच असतात. गुडघे दुखतात, येणं होत नाही. त्यांची खोली मला दिली आहे. नव्या पेटीचं पहिलं, साधं गणित मी करते. अवघड असेल तर साहेब पुण्याला पाठवतात. गेल्या महिन्यात नवा इंजिनियर आला, चांगल्या कॉलेजचा. फळा बघून त्याने विचारलं, हे कशाला? मी म्हणाले, आधी आकडा लिहा, मग सांगते. त्याने लिहिला. चुकला. चहावाल्या बाई जिंकल्या. दुसऱ्या दिवशी त्यानेच खडू आधी उचलला.

सोमवारी माझ्या टेबलावर नवा मॉनिटर आला. माझ्या नावाने आलेली ही पहिली वस्तू. खोक्यावर साहेबांनी माझं नाव लिहिलं होतं, पूर्ण नाव. मी तो बाहेर काढला, जागेवर ठेवला, वायरी जोडल्या. काचेवर प्लास्टिक होतं, स्वच्छ, एक बुडबुडा नाही. मी बराच वेळ बघत बसले. मग देवळालीला फोन लावला.

“किती?”

“बत्तीस. मॅडम, माझा मॉनिटर आला जी.”

“प्लास्टिक काढलंस?”

मी फोन काचेजवळ धरला आणि कोपरा ओढला. चर्र.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “चल, आता आकडा लिही.”